पहिल्या कात्रीला चार बोटं राखून

प्रश्न असा आला आहे: "ताई, माझे केस कंबरेच्या खाली आहेत, हलकेसे वेव्ही. बाळ साडेचार महिन्यांचं आहे आणि केस मूठ-मूठ गळतायत. बाळाला सोडून पार्लरमध्ये दोन तास बसणं जमत नाही. घरीच खांद्यापर्यंत कापायचे आहेत, नणंद कापून देईल. एक वेणी घालून खाली-वर रबर लावून मध्ये कापली तर चालेल का? कापल्यावर गळणं थांबेल ना? सासूबाई म्हणतात, सवाष्णीने एवढे केस कापू नयेत."

एकच वेणी घालून कापू नकोस. बाकीचं वाचायला बाळाने वेळ दिला नाही तरी एवढं लक्षात ठेव.

तू माझ्या लेकीच्या वयाची वाटतेस म्हणून अगं-तुगं करते. नाशिकला सिडकोत माझं छोटं पार्लर आहे, सव्वीस वर्षं झाली. सासरच्यांचं पंचवटीत पिढीजात सलून होतं, त्यामुळे कात्री घरातलीच. तरी घरी केस कापण्याबद्दल मला जे काही कळतं ते पार्लरमध्ये नाही, २०२० च्या लॉकडाउनमध्ये कळलं. मार्चअखेर दुकान बंद झालं ते राज्यात सलूनला परवानगी मिळाली २८ जूनला. ते तीन महिने मी रोज दुपारी बायकांना व्हिडिओ कॉलवर केस कापायला शिकवत होते. कोणाचा नवरा कापतोय, कोणाची सासू, कोणाची दहावीतली मुलगी. कुठे चुकतं ते तिथे पाहिलं. आणि चुकतं ते बहुतेक एकाच जागी: पहिल्याच कात्रीत माणसाला शेवटची लांबी गाठायची असते.

आधी वेणीचं सांगते, कारण दर महिन्याला कोणीतरी वेणी कापून, डोक्याला ओढणी बांधून माझ्याकडे येतं.

वेणी मानेवर येते. कपाळाजवळचा, कानावरचा केस तिथपर्यंत पोचायला वीतभर प्रवास करतो. मानेवरचा केस तिथलाच, त्याला काही चालावंच लागत नाही. आता रबराच्या वर सरळ कात्री चालवली, की मानेवरचा केस उरतो आखूड आणि पुढचा उरतो त्या वीतभर प्रवासासकट. मोकळे सोडले की मागे मानेशी तुटलेले आणि पुढे दोन-तीन इंच लोंबणारे. काहींना तो आकार आवडतो, मुद्दाम करूनही घेतात, पण तू मागितलेला तो नव्हे. शिवाय वेणीत प्रत्येक पेड खाली-वर, आत-बाहेर फिरलेला असतो, त्यामुळे कापलेली टोकं पायऱ्या-पायऱ्यांची येतात. आणि जाड वेणी एका घावात कापली जात नाही. कात्री दाबली की केस पात्यावरून पुढे सरकतात, आपण आणखी जोर लावतो, मग उसाची मोळी कापल्यासारखं करकरत कसंतरी तुटतं. बाहेरचे केस एका जागी, आतले दुसऱ्या जागी.

मग लांबी काढायची कशी? दोन कात्र्यांत. म्हणजे कात्री एकच, पण दोन वेळा. पहिली वजन उतरवायला, दुसरी आकार द्यायला. मधे विश्रांती.

तयारीचं थोडं. कात्री केसांचीच घे, साडेपाच-सहा इंची, साधी. मेन रोडला पार्लरचं सामान मिळणाऱ्या दुकानांत मिळते, फार महागडी लागत नाही. मेरठची चालते, कात्र्यांसाठी तर मेरठला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. फक्त ती पुढे कागद, दुधाची पिशवी, चिकटपट्टी कापायला वापरू नका, धार गेलीच म्हणून समज. शिवणकामाची आणि स्वयंपाकघरातली कात्री केस कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या टोकाला महिनाभरात फाटे फुटतात. लॉकडाउनमध्ये पिंपळगावच्या एका बाईंनी द्राक्षाच्या विरळणीची कात्री घेतली होती. धार छान होती, पण ती बिचारी एकेक मणी काढायला बनलेली, पातं बोटाएवढं. दीड तास टकटक चालली आणि शेवटी ओळ अशी आली की उंदराने कुरतडलीय.

कात्रीशिवाय बारीक दातांचा कंगवा, एक शेपटीवाला कंगवा, सहा-सात क्लिपा किंवा क्लचर, आठ-दहा छोटी रबरं, अंगावर घ्यायला जुनी सुती साडी आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र. जागा गॅलरीजवळची, सकाळी दहा-साडेदहाची. दिवेलागणीला केस विंचरू नयेत म्हणतात ना, कापायच्या बाबतीत मी ते शंभर टक्के मानते. शकुन-अपशकुन बाजूला, ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्या केसांची ओळ दिसतच नाही. आणि बाथरूममध्ये कापू नका, मोरी तुंबते.

आदल्या दिवशी केस धू, तेल लावू नकोस, पूर्ण वाळू दे. तुझे केस वेव्ही आहेत, म्हणून कोरडेच काप. तू म्हणशील, पार्लरमध्ये तर ओले करून कापतात. हो, कारण ते वाळल्यावर किती वर जाणार हे आमच्या हाताला सवयीने ठाऊक असतं. ओला केस ताणला जातो, वळण सरळ होतं, आणि खांद्याशी कापलेला वेव्ही केस वाळून इंच-दीड इंच वर चढून बसतो. सरळ केस असते तर किंचित दमट करून काप म्हटलं असतं.

आता लांबी. "खांद्यापर्यंत" या शब्दाने मला फार त्रास दिलाय. नेमके खांद्याला टेकणारे केस खांद्यावर आपटतात आणि टोकं बाहेर वळतात, एका बाजूला आत, एका बाजूला बाहेर. रोज ड्रायर फिरवणार असशील तर ठीक, साडेचार महिन्यांच्या बाळाबरोबर कोण फिरवतं? तू गळपट्टीच्या हाडापर्यंत ठेव, म्हणजे खांद्याच्या खाली दोन बोटं. तेवढ्यात केस रबरात येतात, क्लचरमध्ये मावतात, गौरीला छोटासा अंबाडा घालून गजराही माळता येतो. त्याहून वर गेलीस तर बाळाला दूध पाजताना तोंडावर येणाऱ्या बटा बांधता येणार नाहीत, आणि तुझी सगळी खटपट त्यासाठीच आहे.

सरळ उभी राहा, समोर बघ, आणि नणंदेला तुझ्या गळपट्टीच्या हाडावर बोट ठेवायला सांग. ती शेवटची लांबी. त्याच्या खाली आडवी चार बोटं मोज. पहिली कात्री तिथे.

पहिली कात्री अशी. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाड. मग एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग. झाले चार भाग, पुढचे दोन आणि मागचे दोन. प्रत्येक भाग जिथे आपणहून लोंबतो तिथेच खाली विंचरायचा. पुढचे मागे ओढायचे नाहीत, मागचे पुढे आणायचे नाहीत. त्या चार बोटांच्या खुणेवर प्रत्येकाला घट्ट रबर. त्याच्या खाली दर चार इंचांवर आणखी एकेक रबर, म्हणजे कापलेला झुपका विस्कटत नाही. केस फार दाट असतील तर चाराचे सहा-आठ भाग कर, जितका बारीक झुपका तितकी सरळ कात्री. मग रबराच्या अर्धा बोट वर, कात्रीच्या टोकाने थोडं-थोडं कापत जायचं, एकदम दाबायचं नाही.

इथे तुला दोन गोष्टी होतील. डोकं एकदम हलकं वाटेल, मान आपणहून वर जाईल. आणि पोटात गोळा येईल. दोन्ही साहजिक आहे. नणंदेला आधीच सांगून ठेव की मधेच "अगं बाई!" म्हणू नकोस.

आता थांबा. चहा घ्या, बाळाला घ्या, शक्य असेल तर दुसरी कात्री दुसऱ्या दिवशी सकाळी. लांब केसांच्या वजनाने तुझं वळण आजवर खाली ओढलं गेलं होतं. वजन गेलं की ते वर येतं. कोणाचं अर्धा इंच, कोणाचं दोन. तुझं किती हे आत्ता तुलाही माहीत नाही, मलाही नाही. पुन्हा एकदा धुऊन वाळवलेस की कळेल. ती चार बोटं त्यासाठी राखलेली आहेत. काही जणींची चारातली तीन बोटं तिथेच संपतात आणि दुसऱ्या कात्रीला नुसती टोकं साफ करायची उरतात.

दुसऱ्या कात्रीला खुर्चीत बस, पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. पायावर पाय टाकायचा नाही. हे मला एका गृहस्थांनी शिकवलं, म्हणजे त्यांच्या चुकीने. सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. बायकोचे केस कापायला स्टीलची पट्टी घेऊन बसले, पाठीवर साडी ताणून पिनांनी बसवली, तिच्यावर खडूने आडवी रेघ मारली, मिलिमीटरमध्ये बोलत होते. मी कॉलवर बघतेय. इतक्या जणांत हात सगळ्यात स्थिर त्यांचा. कापून झालं, बायको उभी राहिली आणि ओळ डावीकडे पाऊण इंच उतरलेली. साहेबांचा चेहरा बघवेना. पट्टी बरोबर, रेघ बरोबर, कात्री बरोबर. बाई पायावर पाय टाकून बसल्या होत्या. कंबर एका बाजूला कलली की खांदे कलतात, खांद्यांबरोबर मान. आम्हाला कोर्समध्ये हे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि मी कॉलवर त्यांचे पाय बघितलेच नव्हते.

(कॉलवरून शिकवण्यातला दुसरा घोटाळा: मी म्हणायचे "उजवीकडून घ्या", कापणारा स्वतःची उजवी धरायचा, बसलेली आरशात बघून तिसरंच सांगायची. शेवटी आम्ही "खिडकीकडची" आणि "कपाटाकडची" बाजू म्हणायला लागलो. तुम्हीही तसंच करा.)

मान सरळ. खाली वाकवून कापलं की मान वर केल्यावर ओळ बदलते. मधला भांग मानेपर्यंत पाड. मागे मानेवरून बोटभर रुंदीची आडवी पट्टी मोकळी सोड, बाकी सगळं वर क्लिपांत. ही पट्टी खाली विंचर आणि मधोमध, कण्यावर, पहिला काप घे. ठरवलेल्या लांबीपेक्षा अर्धा इंच खालीच. मग त्या मधल्या कापाला जुळवून डावीकडे, मग उजवीकडे. ही झाली तुमची गाइड, पार्लरमध्ये आम्ही तिला हेच म्हणतो. पुढचं सगळं या ओळीला जुळवायचं. वरची बोटभर पट्टी सोड, विंचर, खालून गाइड दिसेल, तिथेच काप. पुन्हा वरची. असं टाळूपर्यंत.

यात नणंदेने दोन मोह आवरायचे आहेत. एक, केस दोन बोटांत धरून वर उचलायचा. सिनेमात, व्हिडिओत न्हावी तसंच करताना दिसतो, पण केस जितका उचलून कापला तितकी लेअर पडते, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब. तुला सरळ ओळ हवी, तर केस पाठीला चिकटलेलाच राहिला पाहिजे. धरायचंच असेल तर कंगव्याने धर. दोन, ताणायचा. ताणून कापला की सोडल्यावर वर पळतो.

कानाजवळ आलात की जास्त सांभाळा. कान बाहेर आलेला असतो, केस त्याच्यावरून वळसा घालून खाली येतात. तिथे कंगवा घट्ट ओढून कापलं, की सोडल्यावर नेमका कानाखाली एक खाच दिसते. मी कानाजवळ कंगवा नुसता टेकवते, कानाची पाळी हलली नाही पाहिजे एवढ्या हलक्या हाताने. पुढच्या बाजू झाल्या की समोर उभं राहून दोन्हीकडची भांगाजवळची एकेक बट हनुवटीखाली आणून शेजारी-शेजारी धरायची. बोटाच्या पेरापेक्षा जास्त फरक असेल तरच जी लांब आहे तिला हात लावायचा.

आणि एकदाच. नंतर डावी जरा मोठी वाटली म्हणून डावी, मग उजवी मोठी वाटली म्हणून उजवी, हे दोन मांजरींच्या लोण्यासारखं होतं, माकड सगळं खाऊन जातं. माणसाचे दोन खांदे सारखे नसतातच. बाळाला डाव्या कडेवर घेत असशील तर तुझा डावा खांदा आत्ताच थोडा वर असेल. आरशात पेराएवढा फरक दिसला तर दिसू दे.

टोकं फार ठोकळ्यासारखी वाटली तर कात्री उभी धरून फक्त शेवटच्या पाव इंचात बारीक-बारीक टोचल्यासारखं कापत जा, मऊ दिसतात. थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची, कात्री घरी आणू नका. गळतीने आधीच विरळ झालेल्या केसांना ती म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

नणंदेला वेळ नसला आणि एकटीनेच कापायची पाळी आली तर: मधला भांग मानेपर्यंत, दोन्हीकडे कानाखाली दोन शेपट्या, त्या पुढे छातीवर घे. रबर खाली सरकवत ठरलेल्या लांबीच्या चार बोटं खाली आण, आरशात दोन्ही रबरं एका पातळीत आहेत ना बघ, मग त्यांच्या वर काप. मानेच्या मधले केस वळसा घालून पुढे आलेले असतात म्हणून मागे ते थोडे लांब राहतात, म्हणजे पाठीवर आपोआप यू कट येतो. एकटीने करण्यातला हा सगळ्यात कमी धोक्याचा. सगळे केस कपाळावर एका शेंडीत बांधून कापायचा जो प्रकार व्हिडिओत दाखवतात, तो करू नकोस. त्यात सगळ्यात लांबून येतो मानेवरचा केस, म्हणून मागे लांब, पुढे आखूड, मधे लेअर्स. दाट सरळ केसांना बरा दिसतो. तुझे आत्ताचे केस बघता खाली चारच शेपट्या लोंबतील.

आता गळणं. नाही, कापून ते थांबणार नाही. गरोदरपणात जे केस एरवी झडायचे तेही टिकून राहतात, आणि बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांत सगळ्यांचा हिशोब एकदम होतो. तू नेमकी त्याच महिन्यांत आहेस. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचं सावरतं, कपाळाजवळ उभे राहणारे छोटे केस दिसायला लागले की नवे येतायत म्हणून समज. एरवीही माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. आखूड केल्यावर गुंता छोटा दिसतो, जिवाला बरं वाटतं, तेवढा फायदा. वर्ष उलटूनही थांबलं नाही किंवा नाण्याएवढी चाई दिसली, तर माझ्याकडे नको, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घेतील.

कापल्याने केस दाट येतात हेही मनातून काढ. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागेत वाढले. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. काडी छाटली की डोळ्यातून फूट निघते. लहानपणी मला वाटायचं केसांचंही असंच. पण वेल टोकाकडे फुटतो, केस मुळातून वाढतो, आणि शेंड्याला काय झालं ते मुळाला कळतसुद्धा नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून दाट वाटतं. रामकुंडावर जावळ काढलेल्या बाळांचे केस दाट येतात म्हणतात त्यातली गोष्टही हीच, आणि शिवाय बाळ मोठं होत असतं.

कापायचं कारण दुसरं आहे आणि ते पुरेसं आहे. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, वर्षाला सहा. तुझे तीस-बत्तीस इंच असतील तर शेवटची चार बोटं पाच वर्षांपूर्वीची आहेत, कदाचित लग्नाच्याही आधीची. पाच वर्षांचं ऊन, बोअरचं पाणी, हळदीच्या दिवशीचा स्प्रे, सगळं त्यांनी खाल्लंय. त्यांना फाटे फुटले तर नवल काय. आणि उलट हिशोबही कर: खांद्यावरून पुन्हा कंबरेपर्यंत जायला तीन वर्षं तरी लागतील. हे कात्री हातात घ्यायच्या आधी मान्य असेल तरच घे.

एक गोष्ट पार्लरवाली म्हणून नाही, आजी म्हणून. बाळंतिणीचे गळलेले लांब केस बाळाच्या हातापायाच्या बोटांना गुंडाळले जातात. मोज्याच्या आत, दुपट्याच्या घडीत असतात, दिसत नाहीत, आणि बोट आवळत जातं, सुजतं, लाल-निळं पडतं. बाळ विनाकारण किंचाळत असेल तर मोजे काढून एकेक बोट बघायचं. कापायच्या दिवशी बाळ दुसऱ्या खोलीत, आजीपाशी. झाल्यावर जमीन आधी ओल्या फडक्याने पुसा, झाडूने केस उडतात. तू डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नकोस, कापलेले बारीक केस त्याच्या गळ्याच्या वळीत टोचतात.

कापलेले झुपके टाकू नकोस. तुझी कंबरेखालची लांबी म्हणजे बारा इंचांहून जास्त सहज निघेल. कॅन्सरच्या रुग्णांसाठी विग बनवणाऱ्या संस्था साधारण एवढीच लांबी मागतात. रंगवलेले चालतात का हे प्रत्येक संस्थेचं वेगळं, पाठवण्याआधी विचार. केस पूर्ण कोरडे, दोन्ही टोकांना रबर, स्वच्छ पिशवीत. दमट बांधलेस तर कुबट वास येतो आणि फुकट जातात. आमच्या लहानपणी गल्लीत "केसांवर फुगेऽऽ" ओरडत माणूस यायचा, आई कंगव्यातले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत साठवायची आणि त्यावर आम्हाला एकेक फुगा मिळायचा. तुझ्या केसांचे मांडवभर फुगे आले असते.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण माझ्या सासऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या कानावर घाल. बाईच्या केसांवर दुसऱ्यांचा हक्क चालायचा तो आमच्याच वस्तऱ्याने. नवरा गेला की तिला न विचारता न्हावी बोलवायचे. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आमच्या लोकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं आणि वस्तरा खाली ठेवला. सासरे हे फार अभिमानाने सांगायचे. सवाष्णीने कापावे की नाही हे ठरवायचं तर सवाष्णीनेच ठरवावं, एवढंच माझं म्हणणं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर सासूबाईंनाच पहिली कात्री लावायला सांग. माझा अनुभव आहे, एकदा हात लागला की विरोध मावळतो. तसंही लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं म्हणून आपल्या गावाला नाशिक म्हणतात अशी कथा, आपल्याकडे केसांचं काय एवढं!

कापल्यावर तीन-चार दिवस केस वेड्यासारखे वागतील, फुगतील, एक बट हट्टाने बाहेर वळेल. त्या चार दिवसांत कात्री हातात धरायची नाही. शाम्पू निम्मा पुरेल, सवयीने जुन्या मापाने घेशील आणि फेस जाता जाणार नाही. आणि त्याच दिवशी हौसेने कपाळावर फ्रिंज कापायला जाऊ नकोस. तुझ्या कपाळाजवळ आत्ता नवे केस उगवत असणार, ते आणि फ्रिंज मिळून ब्रश होईल. सहा महिन्यांनी बघू.

मागची ओळ बिघडलीच, तर सुधारायला जाऊ नका. आहे तशी रबरात बांध आणि जवळच्या पार्लरमध्ये जा. सरळ करायला वीस मिनिटं लागतात, पण त्यासाठी खाली दोन बोटं केस शिल्लक असावे लागतात. माझ्याकडे आलीस तर बाळालाही घेऊन ये, माझी हेल्पर सांभाळते. फक्त सोमवारी येऊ नकोस, बंद असतं.